जिनिंगमध्ये विडी पेटत नाही, मग कॉलेजात का पेटते?

माझे वडील धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, मुकादम होते. दिवसाला दीड-दोन बंडलं विडी ओढणारा माणूस. पण सकाळी कामावर गेले की फाटकाशी पहिलं काम ठरलेलं. खिशातलं बंडल आणि काडेपेटी काढायची आणि वॉचमनच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवायची. दुपारी मी भाकरीचा डबा घेऊन जायचो तेव्हा तो कोनाडा बघत उभा राहायचो. वीस-पंचवीस बंडलं ओळीनं मांडलेली असायची. कुणाच्या बंडलाला लाल दोरा, कुणाच्या काडेपेटीवर कोळशाची फुली, म्हणजे जाताना अदलाबदल नको. आत कापसाच्या गंज्या छपराला टेकलेल्या. शेठजींची गाडी आली की तेसुद्धा सिगारेटचं पाकीट गाडीतच ठेवून उतरायचे. चार-चार तास वडील विडीविना काढायचे, आणि त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

आज मी खानदेशातल्याच एका तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तंबाखूमुक्त परिसर समितीचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. मी स्वतः सात वर्षं सिगारेट ओढली आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत. आमच्या आवारात फलक आहे, कायदा आहे, दंड आहे, आणि सायकल स्टँडच्या मागे थोटकांचा खचही आहे. जिनिंगमध्ये जे कुणाला शिकवावं लागलं नाही ते कॉलेजात का जमत नाही, यावर मी बराच विचार केला. त्यातून जे समजलं ते इथे सांगतो.

कायदा काय सांगतो

बऱ्याच मुलांना वाटतं की सिगारेटबंदी प्राचार्यांच्या मनात आली म्हणून लागली. तसं नाही. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. त्या यादीत दवाखाने, न्यायालयं, ग्रंथालयं आणि शिक्षणसंस्था होत्या. आधार होता घटनेच्या कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. जो ओढत नाही त्याच्या जगण्यावर दुसऱ्याच्या धुराने घाला का पडावा, हा त्यातला मुद्दा. मग २००३ मध्ये संसदेनं कायदा केला. त्याला सगळे कोटपा म्हणतात. त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे. सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले.

दंड २०० रुपयांपर्यंत. केंद्राच्या कायद्यातला हा आकडा २००३ पासून तसाच आहे. दंड करण्याचा अधिकार पोलिसांपुरता नाही, शिक्षणसंस्थेच्या प्रमुखालाही तो दिलेला आहे. आणि प्रमुखानं डोळेझाक केली तर आवारात जितके गुन्हे घडले तितक्यांचा दंड त्याच्यावर येऊ शकतो. हे कलम मी मुद्दाम सगळ्यांना वाचून दाखवतो, कारण बंदीचं ओझं फक्त पोरांवर टाकलेलं नाही हे त्यातून कळतं.

"सर, ग्राउंड तर मोकळं आहे ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि प्रश्न रास्त आहे. मूळ कायद्याच्या व्याख्येत मोकळी जागा वगळलेली आहे. पण २००८ च्या नियमांनी ती पळवाट बरीच अरुंद केली. खुलं प्रेक्षागृह, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस थांबा अशा लोकांची ये-जा असलेल्या जागांना मोकळी जागा म्हणता येत नाही. शिवाय संस्था आपल्या आवारापुरता पूर्ण तंबाखूबंदीचा नियम करू शकते, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. "मग आम्हाला एक कोपरा तरी द्या" ही दुसरी मागणी. वेगळी धूम्रपान-जागा कायद्यानं विमानतळ, ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल आणि ३० किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट एवढ्यांनाच ठेवता येते. कॉलेजला ती मुभाच नाही.

आता टपरीचं. कलम ६ नुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही कुठेच विकता येत नाही. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटर. एनएसएसची मुलं घेऊन आम्ही हे अंतर प्रत्यक्ष मोजलं. ३० मीटरचा टेप तीनदा टाकायचा आणि वर दीड मीटरला थोडं कमी. गेटपासून मोजलं तेव्हा टपरी १०४ मीटरवर निघाली. सगळे निवांत. टपरीवालेही हसले. पण नियमात अंतर गेटपासून धरलेलं नाही. संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत मोजायचं आहे. आमच्या वसतिगृहाची मागची भिंत टपरीच्या बाजूला वळते. तिथून टेप टाकला तर ७८ मीटर. एका मुलानं रस्त्यावर फक्कीनं रेघ ओढली आणि सगळे गप्प झाले. टपरीवाले जिभाऊ रेघेकडे बघत म्हणाले, "सर, मना पोटनं काय?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते असल्याचं सोंगही मी केलं नाही. पंधरा दिवस ये-जा करून टपरी रेघेपलीकडे गेली. जुन्या जागी जिभाऊंच्या मुलानं चहा-पोह्यांची गाडी लावली आणि आमच्या स्टाफनं नाश्ता तिथूनच घ्यायचं ठरवलं. फक्कीची रेघ पहिल्या पावसात गेली, मग पिवळ्या ऑइल पेंटची मारली.

एक गोष्ट महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवण्यासारखी. इथे बहुतेक सीनियर कॉलेजांच्या आवारातच अकरावी-बारावीचे वर्ग असतात. म्हणजे एमएस्सीचा २३ वर्षांचा मुलगा जिथे सिगारेट शिलगावतो तिथून १६ वर्षांचं पोर जातं. अल्पवयीनाला तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. दुकानदाराइतकाच "घे रे, एक झुरका मार" म्हणणारा दादाही त्यात येतो. आणि सुरुवात बहुधा त्या एका झुरक्यानं किंवा एका सुट्या सिगारेटनं होते. अख्खं पाकीट घ्यायला खिशात पैसे नसतात, सुटी परवडते. सुट्या सिगारेटवर ८५ टक्के जागा व्यापणारं धोक्याचं चित्रही नसतं. म्हणून महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीची विक्रीच बंद केली. टपऱ्यांवर ती बंद झालेली मला दिसत नाही.

तलफ कशी चालते

ओढणारा माणूस बंदीवर का चिडतो हे समजायचं तर आधी त्याच्या शरीरात काय चाललंय ते बघायला हवं. मी वर्गात हे फळ्यावर काढून दाखवतो.

झुरका घेतला की निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. रोज असं झालं की मेंदू त्याची तयारी करून बसतो. निकोटिनला पकडणाऱ्या जागा वाढवतो. आता त्या जागा रिकाम्या राहिल्या की अस्वस्थता. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. म्हणजे मुलानं सकाळी नऊला टपरीवर सिगारेट ओढली, तर अकराला निम्मं, एकला पाव. आमचं प्रॅक्टिकल अकरा ते दोन. साडेबाराला तो स्लाइडवर लक्ष लावू शकत नाही, पाय हलवत बसतो, शेजारच्यावर खेकसतो. दोनला सुटल्यावर धावत जाऊन ओढतो आणि म्हणतो, "सर, टेन्शन गेलं." टेन्शन खरंच गेलं. पण ते आणलं होतं सकाळच्या सिगारेटनंच. मी सात वर्षं या फेऱ्यात होतो, आणि परीक्षेच्या काळात सिगारेटच मला सांभाळते असं मनापासून मानत होतो.

मग वडील चार तास कसे काढायचे? हे कोडं मला फार वर्षं होतं. त्याचं उत्तर मला इस्रायलच्या एका अभ्यासात सापडलं. तिथल्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांना प्रवासभर विचारलं की तलफ किती आहे. काही जण तीन ते साडेपाच तासांच्या उड्डाणांवर होते, काही आठ ते तेरा तासांच्या. तलफ तासांच्या हिशेबानं वाढली असती तर लांबच्या प्रवासात ती कितीतरी जास्त व्हायला हवी होती. तसं झालं नाही. दोन्हीकडे तलफ उतरायची वेळ जवळ आली तशी वाढली. छोट्या प्रवासाच्या शेवटी जी तळमळ होती, तितक्याच तासांनंतर लांबच्या प्रवासाच्या मध्यावर ती बरीच कमी होती.

म्हणजे तलफ रक्तातल्या निकोटिनवर चालते तशीच ती "आता मिळणार आहे का" या अपेक्षेवरही चालते. मिळणारच नाही हे पक्कं असलं की ती झोपून राहते. रमजानमध्ये माझे दोन सहकारी सहरीपासून इफ्तारपर्यंत सिगारेटला हात लावत नाहीत. एरवी हेच दोघं दोन तासिकांच्या मधे टपरीवर जाऊन येतात. "रोज्यात आठवणच येत नाही," असं त्यांच्यातले एक म्हणाले. "संध्याकाळी पाच-साडेपाचला मात्र येते." तीच गत जिनिंगच्या कोनाड्याची. बंडल फाटकावर राहिलं की डोकंही तिथेच मोकळं व्हायचं, आणि भोंगा वाजायच्या दहा मिनिटं आधी वडिलांचे डोळे फाटकाकडे लागायचे.

कॉलेजातली बंदी नेमकी याच्या उलटी असते. सोमवारी पकडतात, मंगळवारी कुणी बघत नाही. कॉलेजचा दर्जा ठरवणारी नॅकची कमिटी येणार असली की पंधरा दिवस कडक, मग सारं सैल. गच्चीचं कुलूप कधी असतं, कधी नसतं. अशा अर्धवट बंदीत ओढणाऱ्याची तलफ दिवसभर जागी राहते, कारण "मिळेल का" या प्रश्नाचं उत्तर "कदाचित" असतं. त्याला सगळ्यात जास्त छळणारी बंदी हीच. मला वाटतं, कडक आणि सरसकट बंदी ही ओढणाऱ्यावरही दया आहे. वीस वर्षांपूर्वी मला हे कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

चीड कुठून येते

शरीराचं झालं. मनाचं वेगळं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये एक सिद्धांत मांडला. माणसाचं एखादं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं त्याला वाटलं की ती गोष्ट आधीपेक्षा जास्त हवीशी होते, आणि ती परत मिळवायला तो उलट वागतो. घरात लहान पोरं असलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. अठरा-वीसच्या वयात तर हा जोर सगळ्यात जास्त. म्हणून "सक्त ताकीद देण्यात येते की" असं सुरू होणारं पत्रक लागलं की त्याच पत्रकाखाली थोटूक सापडतं. आम्ही आमचं पत्रक बदललं. धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाशी जोडलेली, हा धूर वर्गातल्या दम्याच्या मुलीला काय करतो, आणि सोडायची असेल तर कुठल्या खोलीत यायचं, एवढंच लिहिलं. दंड शेवटच्या ओळीत.

पण सगळ्यात खोल चीड अन्यायाची असते. एका मुलाला मी सायकल स्टँडमागे पकडलं. तो गप्प उभा राहिला. पावती फाडल्यावर शांतपणे म्हणाला, "सर, स्टाफरूमच्या मागच्या खिडकीतून धूर निघतो त्याची पावती कोण फाडतं?" मला मान वर करता आली नाही, कारण ते खरं होतं. जिनिंगमध्ये शेठजींचं पाकीट गाडीत राहायचं म्हणून मजुराचं बंडल कोनाड्यात राहायचं. दुसऱ्याच दिवशी मी प्राचार्यांकडे गेलो. पुढच्या तीन पावत्या शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या फाटल्या. एक सहकारी माझ्याशी अजून बोलत नाही. पण त्या आठवड्यानंतर मुलांनी पावतीवरून वाद घालणं थांबवलं.

मुलींचा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. सिगारेट ओढणाऱ्या मुली थोड्या आहेत, पण आहेत. मुलगा सापडला तर २०० रुपये; मुलगी सापडली की घरी फोन, नातेवाइकांत बोभाटा, कधी कॉलेजच बंद. कायद्यात असा फरक कुठेही नाही. बंदीच्या नावाखाली मुलीचं शिक्षण तोडणं हे त्या सिगारेटपेक्षा मोठं नुकसान आहे. आमच्या समितीनं लेखी ठरवलं, की सज्ञान विद्यार्थी मुलगा असो वा मुलगी, घरी फोन नाही.

सातपुड्यातून, अक्कलकुवा-धडगावकडून आलेल्या मुलांशी बोलताना आणखी एक कळलं. ज्या घरात आलेल्या माणसापुढे पाण्याच्या तांब्यापाठोपाठ चंची सरकवली जाते, विडी पुढे केली जाते, त्या घरातल्या मुलाला "तंबाखू म्हणजे घाण" असं ऐकवलं की त्याला ते आपल्या आजोबांबद्दल वाटतं. मग तो आपलं ऐकत नाही, आणि न ऐकण्यात त्याची चूकही नाही. आजोबांचा मान राखून तंबाखूबद्दल बोलता येतं. वेळ जास्त लागतो, एवढंच.

नेहमीचे तीन सवाल

"गाडीचा धूर चालतो, माझा का नाही?" गाडीचा धूरही चालत नाही, त्यासाठी पीयूसी असते. शिवाय गाडी वर्गात येत नाही. सिगारेटचा धूर बंद खोलीत, व्हरांड्यात, जिन्यात दुसऱ्याच्या नाकाशी जातो. दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त न ओढणारी माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

"सरकार विकू देतं, कर घेतं, मग अडवतं कशाला?" यातली विसंगती खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. पण विकायला परवानगी आणि कुठेही वापरायला परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फटाके दुकानात मिळतात म्हणून कुणी ते जिनिंगमध्ये लावत नाही.

"आमचे आबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते." प्रत्येक गावात असा एक आबा असतो, कारण जे पन्नाशीत गेले त्यांचं उदाहरण द्यायला कुणी उरत नाही. माझे वडील ६३ व्या वर्षी गेले. शेवटची तीन वर्षं ते आडवे झोपू शकत नव्हते, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा. ब्रिटनमध्ये डॉक्टरांवरच १९५१ पासून पन्नास वर्षं केलेल्या अभ्यासात दिसलं, की आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी झालं. त्याच अभ्यासात एक आकडा आहे जो मी प्रत्येक वर्गात सांगतो. साठीत सोडली तर सुमारे तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ दहाच्या दहा. समोर बसलेली पोरं वीस वर्षांची असतात. त्यांचं अजून काहीच गेलेलं नाही.

बंदी आली की ओढणारे कुठे जातात

पहिली गोष्ट, गेटबाहेर जातात. अमेरिकेत मिसुरीतल्या एका कम्युनिटी कॉलेजनं २००३ मध्ये पूर्ण आवार तंबाखूमुक्त केलं, पुढे हजारो आवारांनी ते केलं, आणि हद्दीच्या फुटपाथवर घोळके जमण्याची तक्रार तिथेही आली. आमच्याकडे त्याचा त्रास मुलींना होतो. गेटपाशी बससाठी उभं राहायचं तर धुरातच. जळगावबाहेर टेकड्यांवर पसरलेल्या आपल्या विद्यापीठासारख्या मोठ्या आवारात विभागापासून गेट लांब, जाऊन यायचा कंटाळा येतो, दिवसाच्या सिगारेटी आपोआप कमी होतात. तालुक्याच्या कॉलेजात गेट चाळीस पावलांवर. म्हणून एकच नियम दोन ठिकाणी वेगळा परिणाम करतो.

तरीही बंदी काम करते. इंडियाना विद्यापीठात धूम्रपानमुक्त धोरण आल्यावर २००७ ते २००९ या काळात ओढणारे विद्यार्थी १६.५ टक्क्यांवरून १२.८ टक्क्यांवर आले. त्याच राज्यातल्या परड्यू विद्यापीठात असं धोरण नव्हतं, तिथे आकडा ९.५ वरून १०.१ झाला. कमी झाले ते कोण, याचा माझा अंदाज आपल्याकडच्या अनुभवावरून असा, की तलफेचे पक्के नसलेले. मित्रासोबत, चहासोबत, पेपर झाला म्हणून ओढणारे. चहाचा कप आणि सिगारेट यांची मेंदूत गाठ बसलेली असते. कॅन्टीनमध्ये चहा मिळतो पण सिगारेट नाही, एवढ्यानं ती गाठ सैल होते.

आणि ओढणाऱ्यांची मतं? आयर्लंडनं मार्च २००४ मध्ये पबसह सगळ्या कामाच्या जागी बंदी आणली. आधी तिथल्या ओढणाऱ्यांपैकी १३ टक्के पबमधल्या बंदीच्या बाजूचे होते. बंदीनंतर ४६ टक्के झाले. चीड पहिल्या दिवशी सगळ्यात मोठी असते. आपल्याकडे २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त ओढणाऱ्यांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं. भांडणारा मुलगाही आतून सोडायचं म्हणत असतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

पण खानदेशात खरी अडचण दुसरीच आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि तंबाखू चघळणारे, मळणारे, मिसरी लावणारे २४.४ टक्के. सहापट! आणि आमचे फलक फक्त सिगारेटवर फुली मारतात. सिगारेट अडली की मुलगा पुडीवर जातो, कारण पुडीला धूर नाही, वास कमी, तासिका चालू असताना गालात ठेवता येते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घेऊन तो हातावर तयार होतो. निकोटिन तेच, फक्त फुप्फुसाऐवजी गालातून जातं, आणि तोंडाचा कर्करोग त्या गालातच होतो. आमच्या जिन्याच्या प्रत्येक वळणावरचा लाल कोपरा हा आमच्या सिगारेटबंदीचाच हिशेब आहे असं मी समितीत म्हणालो. तेव्हापासून आम्ही धूम्रपानमुक्त हा शब्द सोडला, तंबाखूमुक्त म्हणतो.

कारण डोळ्यांना दिसलं की

एका एप्रिलमध्ये, पारा ४४ वर असताना, आमच्या मागच्या माळावरचं वाळलेलं गवत पेटलं. थोटकामुळे पेटलं की आणखी कशानं, ते ठरलं नाही. पण विझवायला सगळ्यात आधी धावले ते सायकल स्टँडमागचे नेहमीचे पाच-सहा जण, झाडांच्या फांद्या घेऊन. त्या माळावर त्यानंतर मला थोटूक दिसलं नाही. दंड वाढला नव्हता, पत्रक निघालं नव्हतं. जिनिंगमधला कापूस त्यांना एकदा दिसला होता. फुप्फुसातली आग वीस-तीस वर्षांनी दिसते, म्हणून तिथे नियमाला मदत लागते.

ती मदत फार मोठी नाही. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटं टिकते, तेवढ्यात पाणी पिणं, चार फेऱ्या मारणं, कुणाशी तरी बोलणं पुरतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड, मग दोन ते चार आठवड्यांत बरंच सावरतं. निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं. १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे आणि पलीकडे ऐकून घेणारं माणूस असतं.

नियमानुसार धूम्रपानबंदीचा फलक किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा असतो आणि त्यावर तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहायचं असतं. जिथे जातो तिथे ती ओळ मी बघतो, बहुतेक ठिकाणी ती रिकामी असते. आमच्या फलकावर मी जूनमध्ये माझं नाव आणि खोली क्रमांक लिहून घेतला. पहिले दोन महिने तक्रार घेऊन कुणीच आलं नाही. आले ते सोडायची कशी हे विचारायला, तेही एकेकटे, दुपारच्या सुट्टीत, दार अर्धं लोटून. मागच्या गुरुवारी एफवायचा एक मुलगा दारात घुटमळला. फलकावरच्या चित्रात सिगारेट होती, म्हणून त्याला खात्री नसावी.

"सर, इथे पुडीचं पण चालतं का?"

"चालतं. ये, बस," मी म्हणालो, आणि समोरची खुर्ची ओढून दिली.